परवाना सरकारचा, शेजार समाजाचा

शहराच्या मध्यवस्तीतील एखादा गाळा काही आठवडे बंद दिसतो. आत सुतारकाम चालल्याचा आवाज येत असतो, काचांवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवलेली असतात. शेजारच्या इमारतीतील मंडळी तर्क करतात, औषधांचे दुकान येत असावे किंवा एखादी पतसंस्था. मग एका सायंकाळी कागद निघतात, दिवे लागतात आणि पाटी झळकते : ‘बिअर शॉपी’, नाहीतर ‘परमिट रूम’. दुसऱ्या दिवसापासून शिकवणीहून परतणाऱ्या मुली पलीकडच्या पदपथावरून येऊ लागतात. रात्री उशिरा वाहनांची गर्दी आणि चढ्या आवाजातील बोलणी सुरू होतात. तक्रार घेऊन गेलेल्या नागरिकांना कार्यालयात एकच उत्तर मिळते, ‘परवाना रीतसर आहे.’

हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते आणि खरी अडचण तीच आहे. नियम मोडून दुकान उघडले असते तर ते बंद पाडण्याचा मार्ग तरी सोपा होता. येथे नियम पाळूनच शेजाऱ्याला अंधारात ठेवता येते. शहरांतील मद्यपरवान्यांचे नियम अद्ययावत करण्याची चर्चा महाराष्ट्रात अधूनमधून होते. परंतु ती वेळ वाढवावी की नाही, शुल्क किती असावे, कोणत्या दुकानात वाईन ठेवावी याच प्रश्नांभोवती फिरत राहते. ज्या वस्तीत हा व्यवसाय चालणार, त्या वस्तीला परवान्यापूर्वी कोणी विचारणार आहे की नाही, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

दारूबंदीच्या कायद्याखाली दारूचे परवाने

महाराष्ट्रात मद्याचा प्रत्येक परवाना दिला जातो तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. कायद्याचे नाव दारूबंदीचे आणि त्याच्या आधारे चालणारे काम विक्रीच्या नियमनाचे, हा विरोधाभास सहज निर्माण झालेला नाही. त्याला मोठा इतिहास आहे.

इंग्रजी राजवटीत अबकारी हे उत्पन्नाचे हुकमी साधन होते. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात स्वयंसेवक दारूच्या गुत्त्यांसमोर उभे राहिले आणि येणाऱ्यास हात जोडून परत फिरवू लागले. सरकारच्या तिजोरीला लागलेली ती झळ राज्यकर्त्यांना सहन झाली नाही. पुढे १९३९ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग केला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई यांच्या आग्रहातून १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी वगळून हा कायदा वैध ठरविला. साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली, परंतु कायद्याचा सांगाडा तोच राहिला.

‘परमिट रूम’ हा शब्द त्या काळाची खूण आहे. जेथे परवानाधारक मद्यपीच बसू शकतो ती खोली, असा त्याचा अर्थ. पिणाऱ्याजवळ स्वतःचा परवाना असला पाहिजे, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तो किती ठिकाणी विचारला जातो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या इतिहासातून एक गोष्ट निर्विवाद ठरते. मद्यविक्री हा किराणा दुकानासारखा सामान्य व्यवसाय नाही. खोडे डिस्टिलरीज खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणाही नागरिकाला नाही. राज्य जे देते ती केवळ सवलत असते आणि ती अटींसह असते. मग त्या अटी ठरविताना ज्यांच्या दारासमोर ही सवलत दिली जाणार, त्यांचे म्हणणे ऐकण्यास अडचण ती कसली?

मोजपट्टीने मोजलेली वस्ती

आजच्या नियमांत वस्तीच्या रक्षणाची भिस्त मुख्यतः अंतरावर आहे. शाळा, महाविद्यालये आणि धार्मिक स्थळे यांच्यापासून ठरावीक मीटर अंतराच्या आत परवाना देता येत नाही. हेतू योग्यच आहे. पण व्याख्या पाहू लागले की तिच्या मर्यादा लक्षात येतात. शैक्षणिक संस्था म्हणजे मान्यताप्राप्त संस्था. खासगी शिकवणी वर्ग त्यात येत नाहीत. धार्मिक स्थळ म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झालेल्या संस्थेचे स्थळ. पेठेतील पिढ्यान्‌पिढ्या पूजले जाणारे, पण नोंदणी न झालेले देऊळ सहजपणे या संरक्षणाबाहेर राहते.

हे नियम आखले गेले तेव्हा शिक्षण म्हणजे शाळा आणि कॉलेज होते. आज पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांचे हजारो विद्यार्थी अभ्यासिकांमधून रात्री उशिरा बाहेर पडतात. ठाण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात दहावी-बारावीच्या मुलामुलींची संध्याकाळ शाळेपेक्षा शिकवणी वर्गाच्या रस्त्यावर अधिक जाते. शहर बदलले, विद्यार्थ्यांचा दिनक्रम बदलला, परंतु मोजपट्टी जुन्याच दारापासून लावली जात आहे. नियम अद्ययावत करावयाचे असतील तर सुरुवात येथून व्हावयास हवी.

केवळ अंतराच्या भरवशावर राहिले की काय होते, ते महामार्गांच्या प्रकरणात सर्वांनी पाहिले. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतील मद्यविक्रीस मनाई केली. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या भागांसाठी हे अंतर दोनशे वीस मीटर करण्यात आले. दुकाने हलण्याऐवजी रस्त्यांचीच ओळख बदलण्याची धडपड देशात ठिकठिकाणी सुरू झाली. शहरातून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जा काढून ते स्थानिक रस्ते ठरविले गेले. अखेर जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीतील परवानाधारक आस्थापनांना हा निर्णय आड येत नाही. शहराच्या मध्यभागाचा प्रश्न त्यामुळे जेथे होता तेथेच आला. मीटरची अट कागदावर वळविता येते. जागरूक शेजार तसा वळविता येत नाही.

चार कागद, चार टेबले

परवान्याच्या व्यवस्थेतील दुसरा दोष जबाबदारीच्या विभागणीचा आहे. मद्याचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून, बांधकाम आणि आरोग्यविषयक परवानगी महापालिकेकडून, आगीसंबंधीचा दाखला अग्निशमन दलाकडून आणि कायदा-सुव्यवस्थेची जबाबदारी पोलिसांकडे. प्रत्येक टेबलावरचा कागद स्वतंत्र आणि प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे.

याची किंमत मुंबईने मोजली आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल परिसरात एका इमारतीच्या गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा जणांचा बळी गेला. वाढदिवस साजरा करण्यास आलेली तरुण मंडळी धुरात गुदमरून गेली. अग्निसुरक्षेच्या नियमांचे उल्लंघन आणि अनधिकृत बांधकाम चौकशीत पुढे आले. ज्या गिरणगावात भोंग्यावर दिवस सुरू होत असे, तेथे गिरण्यांच्या जागी रात्रीचे हे जग उभे राहत असताना त्यावर देखरेख कोणाची, याचे एकमुखी उत्तर मिळत नव्हते. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या अनिवासी भागांतील मॉल, दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्याचा निर्णय झाला. त्या वेळी मद्यविक्रीची रात्री दीडची मर्यादा कायम ठेवली गेली, ही समाधानाची बाब. तथापि, दीड वाजता काय घडते ते पाहण्यास पुरेसे मनुष्यबळ आहे का, हा प्रश्न राहिलाच.

पुण्यातील कल्याणीनगरच्या घटनेने हीच बाब अधिक कठोरपणे समोर आणली. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्श मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार चालविणारा सतरा वर्षांचा होता आणि त्यापूर्वी त्याने मित्रांसह मद्यपान केले होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी एकवीस, तर अन्य मद्यासाठी पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे. देशातील कडक मर्यादांमध्ये तिची गणना होते. घटनेनंतर पुण्यातील अनेक पब आणि बारवर कारवाईचा बडगा उगारला गेला. दोन आयांची कूस रिकामी झाल्यावर जी तपासणी होऊ शकते, ती त्याआधी का होत नाही, असा प्रश्न त्या दिवसांत घराघरांत विचारला गेला. त्याचे उत्तर अद्याप नियमावलीत उतरलेले नाही.

उभी बाटली, आडवी बाटली

समाजाला या विषयात काहीच स्थान नाही, असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. मार्च २००८ च्या शासन आदेशाने दुकान बंद करण्यासाठी मतदानाची तरतूद केली. पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी निवेदन द्यावयाचे, स्वाक्षऱ्यांची पडताळणी व्हावयाची आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील महिलांनी या मार्गाने आडवी बाटली घडवून आणली, तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे वेधले गेले. घरातील चूल आणि मुलांची पुस्तके सांभाळणाऱ्या माउल्यांनी मतपेटीतून दिलेला तो कौल होता.

मात्र या आदेशात एक मोठी मेख होती. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानापैकी नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांपैकी पन्नास टक्क्यांहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत द्यावे, अशी अट त्यात घातली गेली. खेड्यात सगळे एकमेकांना ओळखतात. तेथेही हे कठीण, पण शक्य असते. शहरात ते जवळजवळ अशक्य आहे. एखाद्या प्रभागात दहा हजार महिला मतदार असल्या आणि त्यांपैकी पाच हजार जणींनी येऊन एकमुखाने आडवी बाटली मागितली, तरी दुकान उभेच राहणार. मुंबई महापालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत मतदान पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास झाले होते. हीच कसोटी नगरसेवकांना लावली असती तर त्या वर्षी सभागृहात कितीजण बसू शकले असते, याचा विचार करावा. ज्या मतदानाने शहराचा कारभार ठरतो, ते एका गाळ्यातील दुकान बंद करण्यास अपुरे ठरावे, हे तर्काला धरून नाही.

शिवाय हा सारा मार्ग दुकान उघडल्यानंतरचा आहे. विक्रेत्याने भांडवल गुंतविले, कामगार ठेवले, शुल्क भरले आणि मग वस्तीने संघर्ष करावा, यात दोन्ही बाजूंचे नुकसान आहे. स्वाक्षऱ्या गोळा करणाऱ्या भगिनींना धमक्या सोसाव्या लागतात. प्रामाणिक व्यावसायिकालाही अनिश्चिततेला तोंड द्यावे लागते. विचारणा आधी झाली असती तर दोघांचाही मनस्ताप टळला असता.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील गाळ्यांत बिअर शॉपी किंवा मद्यविक्रीचे दुकान सुरू करण्यासाठी संबंधित संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील. या घोषणेचे स्वागतच करावयास हवे, कारण शेजाऱ्याला आधी विचारण्याचे तत्त्व तिने मान्य केले. पण ते तत्त्व आवाराच्या भिंतीपाशी थांबून चालणार नाही. गाळा ज्या संस्थेत आहे तिला अधिकार मिळतो. समोरच्या चाळीला, शेजारच्या वाड्याला, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रुग्णालयाला तो मिळत नाही. मध्यवस्तीत तर अनेक गाळे जुन्या, एकमालकी इमारतींत आहेत. तेथे गृहनिर्माण संस्थाच नाही, मग ना-हरकत कोणाची घ्यावयाची?

महसुलाचे गणित

शासनाची अडचण सर्वांना ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कात मोठी वाढ केली, तेव्हा तिजोरीत चौदा हजार कोटी रुपयांची वाढीव भर पडेल, अशी अपेक्षा व्यक्त करण्यात आली. ज्या विभागाने विक्रीवर लगाम ठेवावयाचा, त्याच विभागाच्या कामाचे मोजमाप वसुलीच्या आकड्याने होते. एकाच हातात लगाम आणि चाबूक दिला, तर हात कोणत्या बाजूला झुकेल हे निराळे सांगावयास नको. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीस मुभा देण्याचा निर्णय त्या वेळच्या सरकारने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हे कारण पुढे करण्यात आले. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्यास कडाडून विरोध केला. त्याच महिन्यात मद्यविक्रीच्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई करण्याचेही ठरले. तो निर्णय उचितच होता. मात्र पाटीवरील नाव शुद्ध करणे सोपे असते. पाटीखालच्या व्यवहाराला वळण लावणे कठीण असते आणि खरी परीक्षा तेथे होते.

उपाहारगृह व्यवसायाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. हजारो कुटुंबांची चूल या व्यवसायावर पेटते. नियमांचे पालन करणाऱ्यावर शुल्काचा बोजा वाढत जातो आणि बेकायदा गुत्ते मोकळे राहतात, ही त्यांची तक्रार खोटी नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविताना अवैध विक्रीचेच कारण देण्यात आले. केवळ बंदीचा शिक्का मारून समाज व्यसनमुक्त होत नाही, हे या घटना सांगतात. पण त्यातून ‘मग सारे मोकळे सोडा’ असा निष्कर्ष काढणे हा आळस झाला. अवैध धंदा कोठे चालतो, हे सर्वांत आधी वस्तीलाच कळते. वस्तीचा शासनावर विश्वास असेल तर ती बातमी वेळेवर पोहोचते. ज्या नागरिकाला परवाना देताना विचारले नाही, तो गुत्त्याची माहिती देण्यास कोणत्या भरवशावर पुढे येईल?

काय बदलावे?

पहिली गोष्ट, नव्या परवान्याचा किंवा स्थलांतराचा अर्ज आल्यावर त्याच जागेच्या दर्शनी भागावर ठळक मराठीत सूचना लावली जावी. काचेवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवण्याऐवजी तेथे अर्जदाराचे नाव, परवान्याचा प्रकार आणि हरकत नोंदविण्याची मुदत दिसावी. हरकतींवर जाहीर सुनावणी व्हावी आणि निर्णयाची कारणे लेखी दिली जावीत.

दुसरी गोष्ट, ही सुनावणी प्रभागातच व्हावी. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. ग्रामसभा गावाच्या दुकानाविषयी ठराव करू शकते, तर शहरातील नागरिकाला तेवढाही मान का नसावा?

तिसरी गोष्ट, संरक्षित स्थळांच्या यादीत शिकवणी वर्ग, अभ्यासिका आणि रुग्णालये यांचा समावेश व्हावा. चौथी, अग्निशमन, बांधकाम, पोलीस आणि उत्पादन शुल्क यांच्या परवानग्या एकाच फलकावर मुदतीसह दर्शनी भागात लावल्या जाव्यात. आत जाणाऱ्या ग्राहकालाही त्यामुळे आपण सुरक्षित जागेत पाऊल ठेवत आहोत की नाही, ते समजेल. पाचवी, वार्षिक नूतनीकरण हा शुल्क भरण्याचा उपचार राहू नये. अल्पवयीनास मद्य दिल्याचे सिद्ध झाले, तर त्या वर्षी नूतनीकरण नाही, इतका सरळ नियम असावा. आणि सहावी, आडव्या बाटलीचा कौल झालेल्या मतदानाच्या बहुमताने ठरावा. त्यासाठी किमान मतदानाची वाजवी अट जरूर असावी, पण ती गाठता येण्याजोगी असावी.

यातील एकही सूचना व्यवसायाच्या मुळावर उठणारी नाही. नियमाने वागणाऱ्या उपाहारगृहाला शेजाऱ्यांची संमती हे संरक्षणच ठरेल.

नियम बदलेपर्यंत समाजाने हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या वादावर दोन तास जातात. आपल्या गाळ्यांत कोणता व्यवसाय चालावा, याचा ठराव दहा मिनिटांत होऊ शकतो. अभ्यासिकेबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्याविषयी प्रभागातील भगिनींनी एकत्र येऊन लेखी निवेदन दिले, तर ते दप्तरी नोंदले जाते आणि पुढे पुरावा ठरते. माहितीच्या अधिकारात परिसरातील परवान्यांची यादी मागविता येते. आणि ज्या घरात वडील मुलाशी व्यसनाविषयी मोकळेपणाने बोलतात, त्या घराला चौकातल्या पाटीचे भय कमी वाटते.

शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी पुण्याच्या रस्त्यांवर हात जोडून उभे राहिलेले स्वयंसेवक परक्या सरकारच्या गुत्त्यासमोर उभे होते. त्यांना विचारण्याची तसदी त्या सरकारने घेतली नाही, यात नवल नव्हते. आज सरकार आपले आहे, कायदा आपला आहे आणि त्याचे नाव आजही दारूबंदीचा कायदा असेच आहे. गाळ्याच्या काचेवरचा कागद निघण्यापूर्वी शेजारच्या दारावर टकटक व्हावी, एवढी अपेक्षा आपल्या सरकारकडून करणे जास्त नव्हे.